नानांचा कोपरा

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

वर्षभर फोनवर 'बरं चाललंय' एवढंच सांगणारा तुझा आतेभाऊ आज कागद-पेन घेऊन का बसला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. तीस वर्षं शाळेत खेळाच्या बाई म्हणून तू शिट्टी आणि आवाज दोन्ही वापरलेस. निवृत्तीच्या दिवशी शिट्टी शाळेत जमा केलीस आणि आवाज घरी घेऊन आलीस. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही. तर ऐक.

मी हरलो. व्यापारी मंडळाच्या टेबल टेनिस स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, एका दातांच्या डॉक्टरकडून. तीन, दोन आणि चार. हे माझे गुण. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती आणि मधल्या वेळेत तो केळं खात होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही नवीन आहात का?" ताई, मी अकरा वर्षं रोज संध्याकाळी खेळतोय.

आता कुठे खेळतो तेही सांगतो, म्हणजे दुखणं कळेल. माझ्या चष्म्याच्या दुकानामागे बाइंडरचा कारखाना आहे. मोठी खोली, भिंतीला पुठ्ठ्यांचे गठ्ठे, एका बाजूला पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, आणि मधोमध बाइंडरने स्वतः प्लायवूडचं बनवलेलं टेबल. दिवसभर त्यावर छापील कागदांच्या घड्या घालतात. सहा वाजले की कागद उचलायचे, नेट बांधायचं आणि खेळायचं. आम्ही चौघं. मी, बाइंडर, त्याच्याकडे पुस्तकांची शिलाई करणाऱ्या सुईबाई (खरं नाव आम्ही कोणीच घेत नाही, त्यांनाही ऐकू येत नसावं) आणि माझे सासरे नाना. नाना बहात्तर वर्षांचे. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या बांधल्या. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, आमच्याकडेच राहतात. घरात दिवसभरात दहा वाक्यं बोलतात, आणि त्या खोलीत एका तासात शंभर.

आमच्या टेबलाचा एक कोपरा मेलेला आहे. बाइंडर सरसाचं गरम भांडं वर्षानुवर्षं तिथेच ठेवतो. उष्णतेनं प्लायचे थर सुटले. तिथे चेंडू पडला की उडतच नाही, भिजल्या चिंधीसारखा बसतो. नाना हळूच, पुडीवर चिमूट सोडावी तसा, चेंडू तिथे सोडतात आणि म्हणतात, "घ्या, जेवणानंतर दोनदा." आम्ही त्याला नानांचा कोपरा म्हणतो. तो आला की सगळे हसतात, ज्याचा गुण गेला तोही हसतो.

माझाही हुकमी फटका त्याच कोपऱ्यावर बेतलेला होता, हे मला डॉक्टरसमोर कळलं. खऱ्या टेबलावर तो कोपरा जिवंत असतो, ताई. चेंडू टुणकन उडाला आणि त्यानं तो माझ्या कानाजवळून परत पाठवला.

दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारतो, "हे बरं दिसतंय की आधीचं?" आज मीच खुर्चीत बसलोय. मला सुधारायचं आहे. पण ही संध्याकाळ बिघडवायची नाही. दोन्ही जमेल का? तू राज्यपातळीवर खेळलेली बाई. सांग.

तुझा,
भिंगोजी


२० फेब्रुवारी

भिंगोजीराव,

दोन्ही जमेल का, हा प्रश्न विचारणाऱ्याला दोन्हींपैकी एकही मनापासून नको असतं. हे माझं मत तीस वर्षं एकच आहे, आणि तुझ्या पट्टीवाल्या दंतवैद्यानं त्याला दुजोरा दिला, म्हणून मी त्याची ऋणी आहे.

गंमत, गंमत म्हणून जे तू जपतोस ते काय आहे? एका वाकड्या टेबलावर चार माणसांनी एकमेकांना दिलेलं प्रमाणपत्र. अकरा वर्षं. अकरा वर्षांत माणूस परकी भाषा शिकतो, पूल बांधतो, एखादं राज्य मिळवून घालवतोसुद्धा. तू काय शिकलास, तर प्लायवूडचे थर कुठे सुटलेत ते. माझ्या वर्गात 'बाई, आम्ही मजेसाठी खेळतो' असं म्हणणाऱ्या मुलीला मी विचारायची, "मग तुला नीट खेळता आलं तर मजा कमी होईल का गं?" आजतागायत एकीलाही उत्तर देता आलेलं नाही. तुला येत असेल तर कळव.

माणसाला काल न जमलेली गोष्ट आज जमते, याच्याइतका निखळ आनंद दुसरा नाही. मूल उभं राहताना बघितलंयस ना? कोणी टाळ्या वाजवोत न वाजवोत, ते स्वतःशीच खुदकन हसतं. तो आनंद आपण मोठेपणी फुकट सोडून देतो आणि त्याच्या जागी चहा ठेवतो.

आता काम. सर्वांत आधी टेबल दुरुस्त कर. वाकडं टेबल खोटं शिकवतं, आणि खोटं शिकलेलं विसरायला दुप्पट वेळ लागतो. मग तीन महिने सामने बंद. गुण मोजायचे नाहीत. फक्त बॅकहँड. समोरच्याला एकाच जागी चेंडू द्यायला सांग, आणि सलग किती परत जातात ते मोज. शंभर झाले की मला लिही. बाकीच्यांनाही शिस्त लाव. चार चुकीचे हात मिळून एक बरोबर हात बिघडवतात.

चिकाटी धर. वय काढू नकोस. मी वयाची सबब कोणाकडूनच ऐकून घेतलेली नाही.

ताई


१५ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं. एक आजी चष्मा न्यायला आल्या होत्या, म्हणाल्या, "वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "नाही, बहिणीचं पत्र आहे." त्या म्हणाल्या, "तेच."

पण मी पेटलो, खोटं का बोलू. त्याच रविवारी बाइंडरला घेऊन टेबल उघडलं. बाइंडर आधी कुरकुरला, पण लाकूड आणि सरस दिसला की त्या माणसाला राहवत नाही. सुटलेल्या थरांत त्यानं सुरीच्या पात्यानं सरस भरला, वर-खाली जाड पुठ्ठे लावले आणि तो कोपरा चक्क पुस्तकाच्या यंत्राखाली दाबून ठेवला. तीन दिवस. बुधवारी काढला तेव्हा म्हणाला, "शब्दकोश बांधल्यासारखा झालाय." चेंडू टाकला. उडाला. सगळीकडे सारखा. सरसाचं भांडं आता स्टुलावर असतं.

नानांना आधी सांगितलं नव्हतं, तीन दिवस खेळ बंद एवढंच म्हटलं होतं. म्हटलं, आश्चर्याचा धक्का देऊ. संध्याकाळी ते आले, बाह्या दुमडल्या, पहिल्याच चेंडूला तो कोपरा गाठला. चेंडू उडाला आणि सुईबाईंनी असा मारला की खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यांत जाऊन बसला. नाना अकरा-एक हरले. मग टेबलावरून हात फिरवला, जोड बघितला आणि म्हणाले, "छान झालंय काम." फार मोठं मन आहे त्यांचं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सामने बंद केले. मी आणि बाइंडर बॅकहँड घोटतो. त्रेसष्टपर्यंत गेलोय. इतरांच्याही चुका सांगायला सुरुवात केली. नाना बॅट चमच्यासारखी धरतात, ती नीट धरायला शिकवली. सुईबाईंना मात्र शिस्त मानवत नाही. म्हणाल्या, "दिवसभर मी एकाच भोकातून सुई घालते, संध्याकाळीही तेच करायचं तर इथे कशाला येऊ? आम्ही खेळायला येतो भाऊ, कवायतीला नाही." दोन दिवस आल्या नाहीत. येतील.

नाना आठवडाभर आलेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणे. बायको म्हणाली, "गुडघा दुखणारा माणूस गच्चीवर कपडे वाळत घालायला दोन जिने चढतो का?" मी म्हटलं, चढताना कमी दुखत असेल, उतरताना जास्त. दुखण्याचे प्रकार असतात.

त्रेसष्ट, ताई. लक्षात ठेव.

भिंगोजी


२४ मार्च

भिंगोजी,

त्रेसष्ट हा आकडा मी स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. शाबास. खांदा सैल ठेव, कोपर अंगाशी, आणि चेंडूकडे बघ, बाइंडरच्या चेहऱ्याकडे नको.

सुईबाई गेल्या तर जाऊ देत. प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या सुरुवातीला माणसं गळतात. हे मी मैदानावरही पाहिलं आणि शिक्षकांच्या चळवळीतही. शंभर जण घोषणा देतात, दहा जण सतरंज्या उचलतात, आणि काम त्या दहांच्याच हातून होतं. मी स्वतः माझी दुहेरीची जोडीदार सोडली होती, ठाऊक आहे ना तुला? सगळे तिला बदक म्हणायचे, चालण्यावरून. अंतिम सामना हरलो आणि ती तिथेच, टेबलाशेजारी, पोट धरून हसायला लागली. माझा शेवटचा फटका पंचांच्या चहात पडला होता म्हणे. मी बॅट पिशवीत घातली आणि तिला सांगितलं, तुझ्यासाठी हा खेळ आहे, माझ्यासाठी नाही. पुन्हा तिच्याबरोबर खेळले नाही. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

नानांचा गुडघा कोणता, डावा की उजवा? आतल्या बाजूला दुखतो की वाटीखाली? खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा अंक मोजायला सांग, सकाळ-संध्याकाळ. गुडघे मला समजतात. पंधरा दिवसांत उभे राहतील.

शंभरचं पत्र येऊ दे.

ताई


१९ एप्रिल

ताई,

शंभर झाले. गेल्या मंगळवारी. एकशे सातला नेटमध्ये गेला.

सांगायला खोलीत कोणी नव्हतं. बाइंडरला हल्ली सहा वाजता कामं आठवतात, म्हणून मी टेबल भिंतीला लावून भिंतीशी खेळतो. शंभर झाले तेव्हा मी मागे वळून "झाले" म्हणालो, आणि समोर पुठ्ठ्यांचे गठ्ठे होते. बाइंडरनं परवापासून अर्ध्या टेबलावर बांधायची पुस्तकं रचून ठेवायला सुरुवात केली. "रिकामंच असतं ना," म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

तुझा गुडघ्याचा व्यायाम मी नानांना सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "तुम्ही करून दाखवता का आधी?" मी खुर्चीत बसून पाय सरळ केले, दहा अंक मोजले. ते म्हणाले, "छान." आणि खोलीत निघून गेले.

बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "नाना तुला कधीपासून 'तुम्ही' म्हणायला लागले, लक्षात आलंय का?"

नव्हतं आलं. लग्नापासून ते मला अरे-तुरे करतात. मग ती बोलली. म्हणाली, "त्यांचा गुडघा ठणठणीत आहे. सुईबाई सांगत होत्या. तू सगळ्यांसमोर त्यांचं मनगट धरलंस आणि म्हणालास, 'असं नाही नाना, असं.' दोनदा. ज्या हातानं चाळीस वर्षं लोकांची औषधं मोजली, डोळे मिटून मोजायला सांगितलं असतं तरी गुंजभर कमी-जास्त झालं नसतं, तो हात तू लहान मुलाचा धरतात तसा धरलास. आणि त्यांचं टेबल त्यांना न विचारता बदललंस."

मी म्हटलं, "टेबल बाइंडरचं आहे."

ती म्हणाली, "हो का. मग तो कोपरा कोणाचा होता?"

ताई, सासूबाई गेल्यावर नाना तीन महिने खोलीतून बाहेर आले नव्हते. मीच त्यांना हाताला धरून त्या कारखान्यात नेलं होतं. तिथे ते पुन्हा बोलायला लागले. आणि आता मीच त्यांना तिथून घालवलं. रोज सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडतात, दोन तास कुठे बसतात देव जाणे. घरात बोलणं दहा वाक्यांवरून चारवर आलंय, आणि त्या चारांत 'तुम्ही' तीनदा असतं.

काल मी सुरी घेऊन टेबलाजवळ उभा होतो. वाटलं, घालावं पातं आणि ते थर पुन्हा सुटे करावेत. बाइंडरचं काम इतकं पक्कं आहे की पातं शिरेना.

तुझा सल्ला बरोबर होता. माझा बॅकहँड सुधारलाय. फक्त तो खेळायला माणूस उरला नाही. हे दोन्ही कसं खरं असू शकतं ते तूच सांग, कारण तुझ्या पत्रांत सगळ्याची उत्तरं असतात.

भिंगोजी


३० एप्रिल

प्रिय भिंगोजी,

शेवटचं वाक्य लागलं. लागायलाच हवं होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहायला बसले आणि चार पानं लिहिली. वाचून पाहिली तर भाषण झालं होतं. फाडून टाकलं. मग एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती ती आठवली. राहिली नव्हती, लपवली होती. बदकाला सोडल्यावर मी दुसऱ्या कोणाबरोबरही खेळले नाही. बॅट पिशवीत घातली ती बावीस वर्षं पिशवीतच आहे. शाळेत मी काठावर उभी राहून शिकवलं. तुला सगळं सांगितलं तेही काठावरूनच. मी सुधारणेवर तीस वर्षं बोलले आणि स्वतः बावीस वर्षं एक चेंडू मारला नाही.

मग मी उठले आणि बसनं तीन थांबे गेले. बदक तीनच थांब्यांवर राहते. बावीस वर्षं तीन थांबे. तिनं दार उघडलं, मला बघितलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "बॅट आणलीस का?"

आणली नव्हती. तिच्याकडे चार होत्या. तिच्या इमारतीच्या तळमजल्यावर टेबल आहे, तिथे ती, एक टॅक्सीवाला आणि दोन परिचारिका रोज खेळतात. भिंगोजी, तिनं मला असं धुतलं की मी घाम पुसायला थांबले ते बसलेच. बदक साठीत पूर्वीपेक्षा चांगलं खेळते. मी विचारलं, "कोणाकडे शिकलीस?" म्हणाली, "कोणाकडे शिकणार? रोज आले. कोणाला काही जमलं की मी म्हणायची, परत कर बघू, आणि उचलायची." मग हसायला लागली. या वेळी मला कारणही कळलं नाही, तरी मी हसले.

माझं म्हणणं मी मागे घेत नाही. सुधारणं हाच मोठा आनंद आहे, यावर मी आजही कोणाशीही वाद घालीन. माझी चूक अशी झाली की ती सुधारणा मी माणसाला माणसांतून उठवून, कोपऱ्यात उभं करून, मोजून देण्याची गोष्ट समजले. टेबलाशी जो रोज येतो तो सुधारतो. आणि रोज कोण येतो? ज्याला यावंसं वाटतं तो. यावंसं वाटणं हीच पहिली शिस्त आहे. बाकीच्या शिस्ती तिच्या मागून येतात. मी तुला मागची पुढे आणि पुढची मागे करून सांगितली.

आता नानांचं. टेबल मुळीच फोडू नकोस. म्हाताऱ्या माणसाला खोटा कोपरा परत देणं म्हणजे त्याच्या पानात लहान मुलाचा घास वाढणं. त्यांना ते तत्काळ कळेल.

त्यापेक्षा एक विचार कर. तो मेलेला कोपरा केवढा होता? तुझ्या वर्णनावरून तळहाताएवढा. अकरा वर्षांत तुझे तिथे दहातले किती पडायचे? आणि नानांचे किती? मी राज्यपातळीवर खेळले, रे. तळहाताएवढ्या जागी मागितला तेव्हा चेंडू टाकणारी माणसं मी आयुष्यात तीन पाहिली. त्यातली एक मी नव्हे. नाना कोपऱ्यामुळे जिंकत नव्हते. तो कोपरा तुम्हां सगळ्यांना मिळालेला होता की.

हे आपल्या दोघांना दिसायला हवं होतं. तू चष्म्यांचा धंदा करतोस, आणि मी तर चांगलं दिसतं म्हणून आजवर चष्माही लावला नाही.

जा आणि त्यांना म्हण, मला शिकवा. शिकवायचं नाटक करायला लावू नकोस. खरंच शिक.

ताई


१० मे

प्रिय ताई,

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी कारखान्यात गेलो. सहज गेलो नव्हतो. नानांना संध्याकाळी कसं गाठावं याचा सराव करायला गेलो होतो, एकट्यानं, पुठ्ठ्यांसमोर. कारखाना नऊला उघडतो. पण आतून टप टप आवाज येत होता.

दार लोटलं. अर्ध्या टेबलावरची पुस्तकं जमिनीवर उतरवलेली. एका बाजूला सुईबाई, पदर खोचून. दुसऱ्या बाजूला नाना. टेबलावर पुठ्ठ्याचा एक तुकडा, तळहाताएवढा. सुईबाई चेंडू देत होत्या आणि नाना तो त्या तुकड्यावर टाकत होते. चार टाकले की सुईबाई तुकडा दुसरीकडे सरकवायच्या. ताई, मी दारात उभा राहून मोजले. दहातले सात.

सुईबाईंना मी दिसलो. त्या म्हणाल्या, "आले मास्तर."

नाना वळले. बॅट चमच्यासारखीच धरलेली.

मी म्हटलं, "नाना, गुडघा?"

"बरा आहे. बिघडला कधी होता?"

"मग इतके दिवस..."

"पाच आठवडे," सुईबाई म्हणाल्या. "रोज साडेसातला. किल्ली माझ्याकडे असते."

नाना म्हणाले, "शिकताना माणूस बावळट दिसतो. जावयासमोर बावळट दिसायचं नव्हतं."

"म्हणजे माझ्यासमोर चालतं," सुईबाई म्हणाल्या.

"तू मला पहिल्या दिवसापासून बावळटच समजतेस. तुझ्यापाशी घालवायला काही नव्हतं."

मग मी माफी मागितली. मनगटाची वेगळी, टेबलाची वेगळी. पाठ करून गेलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. नाना बॅटवरचं रबर बोटानं पुसत राहिले. शेवटी मी तुझं म्हणणं सांगितलं. की ताई म्हणते, राज्यपातळीवर असे तीनच पाहिले. की जिंकत होते ते तुम्ही, कोपरा नव्हे.

नानांनी बॅट टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तीन वर्षं तुला वाटत होतं, मी कोपऱ्यामुळे जिंकतो?"

खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "हो," मी म्हटलं.

"मलाही तेच वाटत होतं," नाना म्हणाले. "म्हणून तर पळालो."

सुईबाई टेबलाला धरून खाली बसल्या इतक्या हसल्या. आणि ताई, नानांनी मला 'तुला' म्हटलं होतं, हे घरी जाताना माझ्या लक्षात आलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं," आणि उगीचच दोनदा तोंड धुवून आली.

मी शिकवा म्हणालो तेव्हा नानांनी अट घातली. कोणी कोणाचं मनगट धरायचं नाही. विचारल्याशिवाय चूक सांगायची नाही. विचारलं तर सांगायची, गोड करून नाही. आता सहा ते साडेसहा प्रत्येकानं आपल्याला न जमणारी एक गोष्ट घेऊन यायचं, आणि साडेसहानंतर गुण मोजून खेळायचं. पहिल्या अर्ध्या तासात हसायला परवानगी आहे, दुसऱ्यात चिडायला. बाइंडर हल्ली पावणेसहालाच पुस्तकं उतरवतो. स्वतःची फिरकीची सर्व्हिस शिकतोय, काल दोन चेंडू सरसाच्या भांड्यात गेले.

मी बॅकहँड आता खेळात वापरतो, म्हणजे हरतो. फोरहँडनं मारला असता तो गुण मुद्दाम बॅकहँडनं मारायचा आणि घालवायचा. सुईबाई म्हणतात, "भाऊ सुधारायला लागल्यापासून आमचं फार बरं चाललंय." पण दहांतले चार जातात, ताई. आणि त्यातला एखादा असा जातो की नाना समोरून म्हणतात, "परत कर बघू."

बदकबाईंना माझा नमस्कार. तू रोज जातेस ना?

भिंगोजी


१४ जून

सौजन्यमूर्ती ताई यांस,

आपली गाठ लग्नात पडली होती. त्या वेळी तुम्ही वाढप्यांना रांगेत उभं केलं होतं, एवढं मला स्मरतं. तुमचा पत्ता भिंगोजीच्या खणातल्या पाकिटावरून उतरवून घेतला. पाकीट उघडंच होतं, आतलं वाचलेलं नाही. अर्धं वाचलं.

माझी तक्रार आहे. बाकी सगळं उत्तम चाललं आहे. माझी बॅट अजून चमच्यासारखीच आहे, पण आता मी टेबलावर पाच जागी चेंडू टाकतो. कोपऱ्याला नाव पडलं होतं, या पाच जागांना सुईबाईंनी औषधांची नावं दिली आहेत. खोकल्याचं म्हटलं की डावीकडे जवळ. पोरीच्या आईला हे सांगावंसं वाटतं, मग मी पोरीला सांगतो.

तक्रार अशी, की तुमचा भाऊ मला जिंकू देतो.

त्याला वाटतं मला कळत नाही. मागच्या मंगळवारी दहा-नऊ होते. चेंडू त्याच्या बॅकहँडला आला होता, सोपा, जो तो आता झोपेतही मारतो. त्यानं तो नेटमध्ये घातला आणि कपाळाला हात लावला. हात चेंडू नेटला लागायच्या आधी कपाळाकडे निघाला होता. चाळीस वर्षं मी काउंटरमागे उभा होतो. ज्यांना औषध नको असतं पण घरच्यांसाठी नेतात, त्यांचे चेहरे मी ओळखतो. शुक्रवारी पुन्हा तेच.

चांगला माणूस आहे. चुकलं म्हणून आता भरपाई करतो आहे. पण ताई, मी पाच आठवडे साडेसातला उठून गेलो ते भरपाई घ्यायला नाही. त्यानं मला खरं हरवलं पाहिजे. गेल्या आठवड्यात बाइंडरनं मला अकरा-आठ हरवलं आणि रात्रभर मला झोपेत त्याचे चेंडू दिसत होते, आणि सकाळी उठून मी तीन वेगळे विचार घेऊन कारखान्यात गेलो. तो दिवस फार बरा गेला. हरवलंच नाही तर सकाळी काय घेऊन जाऊ?

मी स्वतः सांगितलं असतं. पण सासऱ्यानं सांगितलेलं जावई ऐकून घेतो आणि बहिणीनं सांगितलेलं करतो. तुमचं मागचं पत्र त्यानं दुकानात भिंगांच्या पेटीत ठेवलं आहे. तेव्हा तुम्ही लिहा. कडक लिहा, तुम्हाला जमतं. हे मी कळवलं असं म्हणू नका, बदकबाईंना स्वप्न पडलं म्हणा.

घाई नाही. पत्र तुमच्याकडून इथे यायला चार दिवस लागतात. तेवढ्यात तीन-चार गेम तो मला फुकट देईल, ते मी घेऊन ठेवतो.

आपला,
नाना